लुईस आयझेनहार्ट : ब्रेन ट्यूमरची वही सांभाळणाऱ्या बाई

सूक्ष्मदर्शी

मेंदूच्या ट्यूमरबद्दल कुठलंही पुस्तक उघडा, पहिल्या दोनचार पानांत हार्वे कुशिंगचं नाव येतंच. आधुनिक न्यूरोसर्जरीचा जनक वगैरे. त्यात खोटं काही नाही, माणूस अफाटच होता. पण त्याने काढलेला प्रत्येक ट्यूमर मायक्रोस्कोपखाली कोण बघत होतं, पेशंटचं पुढे काय झालं हे कोण लिहून ठेवत होतं, हे फारसं कुणी विचारत नाही. मी स्वतः पॅथॉलॉजीत एमडी केलं, पण लुईस आयझेनहार्ट हे नाव एमडी संपेपर्यंत कानावर आलं नव्हतं आणि याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण आज मी ओटीतून आलेला मेंदूचा तुकडा ज्या पद्धतीने बघते त्या पद्धतीवर या बाईंचा हात आहे. म्हणून हा धागा.

आयझेनहार्टबाईंचा जन्म १८९१ चा, अमेरिकेतल्या न्यू जर्सीचा. १९१५ साली त्या बॉस्टनच्या पीटर बेंट ब्रिगहॅम हॉस्पिटलात कुशिंगकडे नोकरीला लागल्या. डॉक्टर म्हणून नाही. कुशिंग तेव्हा कानाच्या नसेच्या ट्यूमरवर पुस्तक लिहीत होता, त्याची हस्तलिखितं नीट करायला त्याला सहाय्यक हवी होती. ते पुस्तक १९१७ ला आलं. आता एवढं सगळं वाचून, टाइप करून, तपासून या बाईंना वाटलं असणार की हे आपल्यालाही कळतंय, तर पुढे त्यांनी टफ्ट्स मेडिकल स्कूलला प्रवेश घेतला आणि १९२५ ला उत्तम मार्कांनी डॉक्टर होऊन बाहेर पडल्या. आणि परत कुशिंगकडेच आल्या, यावेळी पॅथॉलॉजिस्ट म्हणून.

त्यावेळी तिथे पर्सिव्हल बेली नावाचा दुसरा जबरदस्त माणूस होता. बेली आणि कुशिंगने १९२६ ला ग्लायोमाचं, म्हणजे मेंदूतल्या आधार देणाऱ्या पेशींपासून होणाऱ्या ट्यूमरचं वर्गीकरण छापलं. तोपर्यंत या गाठींच्या प्रकारांचा बराच गोंधळ होता. या दोघांनी पेशी कशा दिसतात त्यावरून गट पाडले आणि मुख्य म्हणजे कुठल्या गटातला पेशंट किती जगतो हे शेजारी मांडलं. हा शेजारचा रकानाच खरी क्रांती आहे असं माझं ठाम मत आहे. नुसती नावं कुणीही देईल हो, पण अमुक नाव म्हणजे पेशंटच्या हातात एवढा काळ, हे सांगायला तुम्ही त्या पेशंटच्या मागे वर्षानुवर्षं राहिलेलं असावं लागतं.

आणि इथेच बाईंचं काम सुरू होतं. १९२८ ला बेली शिकागोला गेला, त्यानंतर कुशिंगच्या ट्यूमरची पॅथॉलॉजी बाईंच्या हातात आली. त्यांच्याकडे एक छोटी काळी वही असायची. कुशिंगने केलेलं ट्यूमरचं प्रत्येक ऑपरेशन त्यात, पेशंट कोण, ट्यूमर कुठला निघाला, पेशंट वाचला की गेला. कुशिंग पेशंटना सांगायचा की दरवर्षी ऑपरेशनच्या तारखेला मला पत्र पाठवा, कसे आहात ते कळवा. पेशंट खरंच लिहायचे. कुणी वीस वर्षांनी गेलं तरी घरच्यांना कळवून शक्य असेल तर मेंदू मागवून घ्यायचे, म्हणजे सुरुवातीचं निदान बरोबर होतं का आणि राहिलेल्या ट्यूमरने पुढे काय केलं हे कळायचं. असं करत करत स्लाइड, बरण्यांतले मेंदू, फोटोंच्या काचा, केसपेपर, पत्रं असं प्रचंड भांडार झालं, तेच ब्रेन ट्यूमर रजिस्ट्री.

१५ एप्रिल १९३१ ला कुशिंगने दोन हजारावा ट्यूमर काढला. दोन हजार 'व्हेरिफाइड', म्हणजे मायक्रोस्कोपखाली बघून पक्का केलेला. क्ष-किरणात दिसला, लक्षणांवरून वाटला असले धरलेलेच नाहीत. पुढच्या वर्षी त्याने या दोन हजारांवर पुस्तक काढलं आणि त्यात ऑपरेशननंतरच्या मृत्यूंचं प्रमाण उघड मांडलं. आपल्या टेबलावर किती लोक गेले हे स्वतः छापणारा सर्जन! त्याला मानलंच पाहिजे, पण ते आकडे ज्या वहीतून निघाले ती वही बाईंची.

आता माझ्या जिव्हाळ्याचा भाग. १९३० ला बाईंनी कुशिंगबरोबर एक शोधनिबंध लिहिला, ऑपरेशन चालू असतानाच ट्यूमरचा ताजा तुकडा घेऊन जिवंत पेशींनाच रंग देऊन निदान करण्याबद्दल. पेशंट टेबलावर आहे, कवटी उघडी आहे, सर्जन थांबलाय आणि बाई दोन काचांमध्ये एवढासा तुकडा दाबून सांगतायत की हा मेनिंजिओमा (मेंदूच्या आवरणाचा ट्यूमर) आहे, पूर्ण काढा. पुढे १९३७ ला इंग्लंडमध्ये डोरोथी रसेल आणि तिच्या सहकाऱ्यांनी 'वेट फिल्म' म्हणून याच धाटणीची पद्धत मांडली. आपल्याकडे आज ज्याला स्क्वॅश म्हणतात तो याच घराण्यातला.

१९३३ ला कुशिंग येल विद्यापीठात गेला, पाठोपाठ १९३४ ला ही सगळी रजिस्ट्री बॉस्टनहून न्यू हेवनला, म्हणजे येलच्या गावी आली, बाईही आल्या आणि तिच्या प्रमुख झाल्या. १९३८ ला दोघांच्या नावाने 'मेनिंजिओमाज' हे मोठं पुस्तक आलं, ३१३ पेशंटांचं. त्याच्या लांबलचक उपशीर्षकातच ट्यूमरचा जीवनक्रम आणि ऑपरेशनचं अंतिम फलित हे शब्द आहेत. त्याच काळात बाई हार्वे कुशिंग सोसायटीच्या अध्यक्ष होत्या, म्हणजे अमेरिकेतल्या न्यूरोसर्जन लोकांच्या संघटनेच्या, स्वतः सर्जन नसताना. १९३९ च्या ऑक्टोबरात कुशिंग गेला. १९४४ ला 'जर्नल ऑफ न्यूरोसर्जरी' सुरू झालं त्याच्या पहिल्या संपादक याच, आणि १९६५ पर्यंत म्हणजे एकवीस वर्षं ते त्यांनी चालवलं. १९६७ ला त्या गेल्या.

मला एवढंच म्हणायचंय की ट्यूमर काढणारे हात सगळ्यांना दिसतात पण निदान ज्याच्यावर उभं असतं तो साठा, त्या नोंदी, ती चिकाटी कुणाच्या डोळ्यांत भरत नाही. तुमच्यापैकी कुणी न्यू हेवनला जाऊन हे बघितलंय का? आणि कुणाचा या विषयाशी घरचा संबंध आला असेल तर लिहा प्लीज.

सह्यवेडा

भारी लिहिलंय. कुशिंग सिंड्रोममुळे कुशिंग माहीत होता, बाई अजिबातच नाही. एक अडाणी प्रश्न. ऑपरेशन चालू असताना घाईघाईने का बघायचं? सगळा काढून टाका आणि मग आरामात तपासा की.

सूक्ष्मदर्शी

सह्यवेडा, प्रश्न अगदी बरोबर आहे, आमच्याकडे नातेवाईकही हेच विचारतात. असं बघा, मेंदूत प्रत्येक मिलिमीटर महत्त्वाचा. मेनिंजिओमा मेंदूच्या बाहेरच्या आवरणातून येतो, तो पूर्ण काढला तर बहुतेक पेशंट बरे होतात, म्हणून सर्जन जोर लावतो. तेच लिम्फोमा (लिम्फ पेशींचा कॅन्सर) निघाला तर जास्त काढून काही फायदा नसतो, तो केमोने जातो, मग सर्जनने बायोप्सीपुरतं घेऊन बाहेर पडायचं. आणि आपल्या देशात तर टीबीची गाठही ट्यूमरसारखी दिसते, ती निघाली तर टीबीची औषधं. म्हणजे पॅथॉलॉजिस्टच्या दहा मिनिटांच्या उत्तरावर पेशंटचा हात, पाय, बोलणं अवलंबून असतं.

आता स्क्वॅशच का तर मेंदू हा ताज्या खव्यासारखा मऊ असतो, दोन काचांत दाबला की छान पसरतो आणि पेशी सुट्या स्पष्ट दिसतात. गोठवून काप घ्यायची पद्धतही आहे, फ्रोझन म्हणतात, पण मेंदूत पाणी खूप, गोठवलं की बर्फाचे कण होऊन पेशी फाटतात. शिवाय फ्रोझनला क्रायोस्टॅट लागतो, महागडं मशिन. स्क्वॅशला दोन काचा, अल्कोहोल, रंग आणि बघणारा अनुभवी डोळा. म्हणून जिल्ह्याच्या ठिकाणी सुद्धा तो होऊ शकतो. मेनिंजिओमाच्या पेशी एकमेकींभोवती भोवऱ्यासारख्या गुंडाळलेल्या असतात, ते दिसलं की ओटीत फोन करताना मला आजही आनंद होतो.

रात्रपाळी

मी हिस्टोपॅथॉलॉजीचा टेक्निशियन आहे, वीसेक वर्षं मायक्रोटोमवर, म्हणजे तुकड्याचे पातळ काप घ्यायच्या मशिनवर गेली. मॅडमनी लिहिलेलं सगळं खरं. मला त्या वहीबद्दल वाचून फार बरं वाटलं कारण आमच्या कामात चूक कुठे होते माहितीये का, मायक्रोस्कोपखाली कमी आणि नंबर घालताना जास्त. पेशंटचा तुकडा आला की त्याला नंबर, तोच नंबर कॅसेटवर, तोच ब्लॉकवर (मेणात बसवलेला तुकडा), तोच काचेवर डायमंड पेन्सिलने कोरायचा कारण शाईचा नंबर झायलीनमध्ये पुसून जातो. ही साखळी कुठे तुटली की जगातला सगळ्यात हुशार डॉक्टर पण काही करू शकत नाही. १९३० साली कॉम्प्युटर नाही बारकोड नाही आणि दोन हजार लोकांचं नीट ठेवलं म्हणजे त्या बाईंना माझा नमस्कार.

गोदाकाठ

सूक्ष्मदर्शी, लेख फार आवडला. मी निवृत्त फिजिशियन आहे. तुम्ही टीबीच्या गाठीचा उल्लेख केलात म्हणून लिहितो. आपल्या मुंबईत डॉ. दाराब दस्तूर यांनी ग्रँट मेडिकल कॉलेज आणि जेजे हॉस्पिटलात न्यूरोपॅथॉलॉजीचं युनिट उभं केलं, ते नाव या धाग्यावर यायलाच हवं. मेंदूच्या टीबीवर दस्तूर आणि बालरोगतज्ज्ञ डॉ. उदानी यांचं काम जगभर वाचलं गेलं. कुष्ठरोगात नसा कशा मरतात याचाही दस्तुरांनी इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली अभ्यास केला. बॉस्टनच्या वर्गीकरणात जे आजार कोपऱ्यात होते ते आपल्या वॉर्डात रोजचे होते आणि त्यांचा अभ्यास इथल्याच माणसाने इथल्याच मेंदूंवर करायला हवा होता, तो दस्तुरांनी केला.

दुसरं असं की आजच्या मुलांना कल्पना येणार नाही, १९७१ ला सीटी स्कॅन आला त्याआधी ट्यूमर कुठे आहे हे आम्ही पेशंटला चालवून, डोळ्यांत बघून, रिफ्लेक्स ठोकून ओळखायचो. फारतर डोक्यात हवा भरून एक्स-रे, ती वॉल्टर डँडीने १९१८-१९ च्या सुमारास काढलेली पद्धत, पेशंटला भयंकर त्रास व्हायचा. अशा काळात सर्जनचा अंदाज बरोबर होता की चूक हे सांगणारी एकच व्यक्ती होती, मायक्रोस्कोपपाशी बसलेली.

शंकासूर

लेख चांगला आहे पण दोन शंका. एक, ही नेहमीची गोष्ट नाही का, पुरुषाचं नाव आजाराला आणि काम करणाऱ्या बाईचं नाव तळटीपेत? मग त्या कुशिंगचं एवढं कौतुक का करायचं? दोन, आज सगळं जनुकांवर चाललंय, १९२६ चं वर्गीकरण आणि बरण्यातले मेंदू यांचा आज नक्की उपयोग काय?

सूक्ष्मदर्शी

शंकासूर, पहिल्या शंकेबद्दल. तुमचा राग मला समजतो आणि थोडा माझाही आहे. पण इथे कुशिंगने नाव दाबलं असं म्हणणं अन्याय होईल. १९३० च्या निबंधावर आयझेनहार्ट पहिलं नाव आहे, कुशिंग दुसरं. मेनिंजिओमाच्या पुस्तकावर दोघांची नावं आहेत. त्यांच्या हयातीत न्यूरोसर्जन त्यांना प्रचंड मान द्यायचे, ठिकठिकाणचे तरुण सर्जन त्यांच्याकडे स्लाइड शिकायला येलला येऊन राहायचे. विसर नंतर पडला. आणि तो फक्त त्या बाई होत्या म्हणून पडला असं मला वाटत नाही, त्यांचं काम ज्या जातीचं होतं ते काम करणाऱ्या सगळ्यांनाच लोक विसरतात. संपादन, नोंदी, जतन. शोध लावणाऱ्याचं नाव राहतं. शोध खरा होता की नाही हे तीस वर्षं तपासत बसणाऱ्याचं राहत नाही. अर्थात बाई असण्याची किंमत त्यांनी मोजली नसेल असं मी अजिबात म्हणत नाही. त्यांच्यानंतर त्या संघटनेला पुढची महिला अध्यक्ष मिळायला २०१८ उजाडलं, यावरून काय ते समजा. संघटनेचं नाव मधल्या काळात बदललं, १९६७ ला अमेरिकन असोसिएशन ऑफ न्यूरोलॉजिकल सर्जन्स झालं.

दुसरी शंका जास्त महत्त्वाची वाटते मला. डब्ल्यूएचओचं ब्रेन ट्यूमर वर्गीकरण १९७९ ला पहिल्यांदा आलं, नंतर १९९३, २०००, २००७, २०१६ आणि २०२१. २०१६ पासून जनुकांना औपचारिक जागा मिळाली आणि २०२१ मध्ये तर कित्येक निदानं जनुकाशिवाय पूर्णच होत नाहीत. पण गंमत बघा, हे सगळं कशावर उभं राहिलं? २००८ ला ग्लायोब्लास्टोमात, म्हणजे ग्लायोमातल्या सगळ्यात घातक प्रकारात, आयडीएच१ या जनुकातला बदल सापडला. तो सापडल्यावर पुढचा प्रश्न लगेच हाच, की हा बदल असलेले पेशंट किती जगतात? उत्तर द्यायला जुने ब्लॉक हवेत आणि त्या पेशंटचं पुढे काय झालं याची नोंद हवी. ते असल्यामुळेच कळलं की आयडीएच बदललेले पेशंट बरेच जास्त जगतात, दिसायला तसाच ट्यूमर पण स्वभाव वेगळा. म्हणजे १९२६ चा तो शेजारचा रकाना आजही तिथेच आहे, फक्त डावीकडचा रकाना पेशीच्या दिसण्याचा होता तो आता दिसणं आणि जनुक असा दोन्हींचा झाला. मेड्युलोब्लास्टोमा हा लहान मुलांचा ट्यूमर, बेली आणि कुशिंगने १९२५ ला त्याचं वर्णन केलं. आज त्याचे जनुकांवरून चार गट करतात, त्यातल्या डब्ल्यूएनटी गटातली बहुसंख्य मुलं वाचतात आणि गट ३ मधली बरीच मुलं आपण अजूनही गमावतो. हे फरक कळायला जगभरच्या हॉस्पिटलांमधले जपून ठेवलेले नमुने एकत्र आणावे लागले. ज्यांनी फेकून दिले त्यांच्याकडे सांगायला काही नव्हतं.

चार्ल्सनदी

मी बॉस्टनजवळ राहते, न्यू हेवन गाडीने दोन-अडीच तासांवर, आणि हा संग्रह जिथे ठेवलाय ते कुशिंग सेंटर बघितलंय त्यामुळे लिहिल्याशिवाय राहवत नाही. येलच्या मेडिकल लायब्ररीत खाली तळघरात आहे. आत शिरलं की भिंतभर फडताळं आणि त्यात ओळीने बरण्या, मंद उजेड, खाली ड्रॉवर आहेत ते ओढले की वस्तू, कागद, फोटो. फोटो बघून मी फार हलले. शंभर वर्षांपूर्वीचे पेशंट, कुणाचं डोकं भादरलेलं, कुणाचा डोळा बाहेर आलेला, एक लहान मुलगी थेट कॅमेऱ्यात बघतेय.

पण याची मधली गोष्ट लेखात आली नाही ती सांगते. बाई गेल्यानंतर या सगळ्याला कुणी वाली उरला नाही. तोपर्यंत विज्ञान पुढे गेलं, इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप आले, अख्ख्या मेंदूंच्या बरण्यांची कुणाला गरज वाटेना. सगळं उचलून विद्यार्थ्यांच्या हॉस्टेलच्या तळघरात नेऊन ठेवलं. फॉर्मॅलिन आटत होतं, बरण्या फुटत होत्या, फोटोंच्या काचा धूळ खात होत्या. मेडिकलची मुलं रात्री चोरून तिथे उतरायची आणि जाऊन आल्याची खूण म्हणून एका फलकावर सही करायची. तो सह्यांचा फलक सुद्धा आता जपलाय. १९९० च्या दशकात ख्रिस वॉल नावाच्या विद्यार्थ्याने या भांडारावरच आपला प्रबंध लिहिला, न्यूरोसर्जरीचे प्रमुख डेनिस स्पेन्सर यांनी मनावर घेतलं, टेरी डग्राडी या छायाचित्रकार बाईंनी त्या काचांवर वर्षानुवर्षं काम केलं आणि २०१० च्या जूनमध्ये हे सेंटर उघडलं. काचा हजारांत आहेत बरं का, दहा हजारांच्या वर.

जनरल लेनर्ड वूडचा मेंदू पण त्या संग्रहात आहे. अमेरिकन सैन्याचा मोठा अधिकारी, १९२० ला राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी उभा होता. कुशिंगने १९१० ला त्याचा मेनिंजिओमा काढला, माणूस त्यानंतर सतरा वर्षं जोरदार जगला, फिलिपाइन्सचा गव्हर्नर जनरल झाला, आणि १९२७ ला ट्यूमर परत वाढला म्हणून पुन्हा ऑपरेशन केलं त्यात गेला. पहिल्या ऑपरेशनपासून शेवटच्या दिवसापर्यंत एकाच ठिकाणी सगळी नोंद. सूक्ष्मदर्शी म्हणतायत ते 'मागे राहणं' म्हणजे काय ते तिथे उभं राहिल्यावर कळतं.

मृण्मयी

चार्ल्सनदी, असं काही आपल्याकडे बघायचं असेल तर बंगळुरूला निम्हान्स या मेंदू आणि मनोविकारांच्या संस्थेचं ब्रेन म्युझियम आहे. आम्ही बंगळुरूचेच, मुलाला घेऊन गेलो होतो. शेकडो मेंदू आहेत, अपघातातले, पक्षाघाताचे, ट्यूमरचे, जंतांचे सुद्धा आणि सामान्य लोकांना बघता येतं. ग्लोव्ह्ज घालून खरा मेंदू हातात देतात. डॉ. एस. के. शंकर यांनी दशकानुदशकं खपून हे उभं केलं, शिवाय तिथे संशोधनासाठी ब्रेन बँक आहे १९९५ पासूनची. मुलगा परत येताना बराच वेळ गप्प होता आणि मग हेल्मेट घेऊ म्हणाला.

सह्यवेडा

मला एक गोष्ट टोचतेय. त्या लहान मुलीला, त्या लोकांना कुणी विचारलं होतं का, की तुमचा मेंदू बरणीत ठेवू, फोटो शंभर वर्षांनी लोक बघतील?

चार्ल्सनदी

मलाही तिथे तेच वाटलं. मी मुलीच्या फोटोसमोर जास्त वेळ थांबले नाही, बरोबर वाटेना.

सूक्ष्मदर्शी

टोचायलाच हवं सह्यवेडा. शवविच्छेदनासाठी घरच्यांची परवानगी घ्यायचे, पत्रं जायची, आणि अनेक पेशंटांचं कुशिंगशी इतकं नातं होतं की त्यांनी आपणहून द्यायचं कबूल केलं होतं. पण आजच्या अर्थाने संमती म्हणजे कशासाठी, किती काळ, कोण बघणार हे सगळं समजावून सांगणं, तसं तेव्हा नव्हतं. माझं मत असं आहे की ज्यांचे मेंदू आहेत त्यांचं आपल्यावरचं ऋण त्यामुळे वाढतं. त्यांना फेकून देणं हा दुसऱ्यांदा अन्याय झाला असता आणि तळघरात जवळजवळ तसंच चाललं होतं. ठेवायचं तर आदराने आणि अभ्यासासाठी ठेवायचं. आज आम्ही संशोधनासाठी तुकडा ठेवतो तेव्हा वेगळा फॉर्म असतो, पेशंट नाही म्हणू शकतो, आणि नाही म्हणाला तर उपचारात काडीचाही फरक पडत नाही, हे मी स्वतः नातेवाईकांना बसून सांगते.

अबोली

रोज वाचत होते, लिहू की नको करत होते. माझ्या बाबांना तीन वर्षांपूर्वी ब्रेन ट्यूमर निघाला. ऑपरेशन एका खाजगी हॉस्पिटलात झालं, नाव लिहीत नाही. रिपोर्ट आला ग्लायोब्लास्टोमा आणि डॉक्टरांनी आम्हाला बाजूला घेऊन जे सांगायचं ते सांगितलं, घरात सुतक असल्यासारखं झालं. माझा मावसभाऊ मेडिकल लाइनमध्ये आहे तो म्हणाला ब्लॉक घे आणि मुंबईला दाखव. ब्लॉक मागायला गेले तर आधी म्हणे असं देत नाही, मग म्हणे सापडत नाही, मग म्हणे लॅब बाहेरची आहे तिकडे विचारा. आठवडे गेले त्यात. शेवटी मिळाला. मुंबईला मोठ्या हॉस्पिटलात परत तपासला, टेस्ट केल्या आणि ऑलिगोडेंड्रोग्लिओमा निघाला, आयडीएच बदल आणि ते १पी १९क्यू दोन्ही. रेडिएशन, केमो झालं, बाबा आज सकाळ संध्याकाळ फिरायला जातात, पेपर वाचतात, थोडं विसरतात पण आहेत. त्या एका मेणाच्या चौकोनासाठी मी इतकी भांडले नसते तर आम्ही उपचारच सोडून दिले असते कदाचित. मला हे नाव माहीत नव्हतं आयझेनहार्टबाईंचं पण आज वाचताना सारखं डोळ्यांत पाणी येतंय.

रात्रपाळी

अबोलीताई, बाबांना खूप शुभेच्छा. तुमचं वाचून राग पण आला. ब्लॉक सापडत नाही हे वाक्य लॅबने उच्चारायलाच नको.

गोदाकाठ

अबोली, बाळ, तू भांडलीस ते योग्यच केलंस. दोन्ही ट्यूमर सारखेच दिसतात असं कधीकधी होतं, त्यात पॅथॉलॉजिस्टचा दोष असेलच असं नाही, पण ब्लॉकसाठी ताटकळत ठेवणं याला कुठलंही कारण चालणार नाही.

सूक्ष्मदर्शी

अबोली, लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार, हे लिहिणं सोपं नाही. १पी १९क्यू म्हणजे पहिल्या आणि एकोणिसाव्या गुणसूत्राचे ठराविक भाग दोन्ही गळालेले असणं. हे आणि आयडीएच बदल एकत्र असेल तरच आज ऑलिगोडेंड्रोग्लिओमा म्हणतात, आणि हा ट्यूमर केमोला चांगली दाद देतो. ग्लायोब्लास्टोमाशी तुलनाच नाही. गोदाकाठ काका म्हणतात ते खरं, नुसत्या एच अँड ई (नेहमीच्या रंगाच्या) स्लाइडवर अनुभवी माणूससुद्धा अडकू शकतो, म्हणूनच त्या टेस्ट आल्या. पण टेस्ट करायला ब्लॉक हवा.

अबोली

एक विचारू का, तो ब्लॉक आता आमच्याकडे घरी कपाटात आहे. फ्रिजमध्ये ठेवायचा का? आणि पुढे कधी लागला तर चालेल का एवढा जुना?

रात्रपाळी

ताई फ्रिजची गरज नाही. कोरड्या जागी, उन्हापासून लांब, झिप पिशवीत घालून छोट्या डब्यात ठेवा, वर बाबांचं नाव, लॅबचा नंबर आणि ऑपरेशनची तारीख लिहा. पॅराफिन ५५-६० डिग्रीच्या आसपास वितळतं, त्यामुळे मे महिन्यात बंद गाडीत वगैरे अजिबात ठेवू नका, आणि कुरियर करताना कडक डब्यात कापसात घालून पाठवा नाहीतर चेपतो. वर्षानुवर्षं टिकतो, दहा-पंधरा वर्षं जुने ब्लॉक आम्ही कापलेत आणि टेस्ट लागल्यात. फक्त कुठे दिला तर पावती घ्या आणि काम झालं की उरलेला परत मागून घ्या, सगळा कापून संपवू नका असं लिहून द्या.

सूक्ष्मदर्शी

रात्रपाळी यांनी सगळं सांगितलंच, एक जोडते. जिथे बाबांचा फॉलोअप चालू आहे तिथल्या पॅथॉलॉजी विभागात तो जमा करता येतो का विचारा, रीतसर नंबर घालून. आणि पहिल्या हॉस्पिटलला मुंबईच्या रिपोर्टची एक प्रत नक्की पाठवा, सोबत दोन ओळी, बाबा आता कसे आहेत त्या. ज्याने पहिला रिपोर्ट लिहिला त्या पॅथॉलॉजिस्टला हे कळायला हवं, आम्हाला असं कुणी कळवत नाही हो.

अबोली

पाठवते. पुढच्या आठवड्यात बाबांचा एमआरआय आहे, तो झाला की त्याबरोबरच पाठवते.